कुमाला दिलेला कागद

मंगळवारी सकाळी रोसांदा पातेल्यात मक्याचं पीठ आणि उकडलेले बटाटे घोटत होती आणि तिचा नवरा जारिया दाराला टेकून संशयाने पाहत होता. रविवारच्या निवडणुकीपासून ही बाई ना धड जेवली होती, ना धड बोलली होती, आणि आज एकदम काचामाक! तोही दोघांच्या मानाने फारच मोठ्या पातेल्यात.

“कोण मेलंय की कोण येतंय?” त्याने विचारलं.

“कूम येतोय. स्वतः राजधानीहून गाडी काढून येतोय.”

“मग राकिया चांगली काढायला हवी. गेल्या खेपेची पिऊन तो दोन तास आपल्या देशाच्या स्थैर्यावर बोलत बसला होता.”

रोसांदा हसली. हसायला तिच्याकडे कारण होतं. कूम येणार म्हणजे आता सगळं मार्गी लागणार, असा तिचा हिशेब होता.

लग्नात नवरा-नवरीच्या पाठीशी उभा राहतो तो कूम. ग्लावित्सा गावात माणूस सख्ख्या भावाला कोर्टात खेचतो, सासऱ्याशी दहा-दहा वर्षं बोलत नाही, पण कुमाशी वाकडं घेत नाही. ‘कूम म्हणजे सदऱ्याचं बटण नव्हे,’ असं इथली म्हातारी माणसं म्हणतात. बटण तुटलं तर दुसरं लावता येतं.

रोसांदाचा कूम, नेथन प्रुइट, बावीस वर्षांपूर्वी डबक्यापलीकडून आला होता. महासागराला इथले लोक डबकं म्हणतात, आणि डबक्यापलीकडचा देश म्हणजे कोणता, हे जगात कुणाला विचारावं लागत नाही. तेव्हा नेथन पंचवीस वर्षांचा होता. हॉटेलच्या गारठलेल्या हॉलमध्ये त्याने रोसांदाला आणि तिच्यासारख्या तीस जणांना मतदानावर नजर कशी ठेवायची ते शिकवलं. पेटी आधी रिकामी दाखवून घ्या. आकड्यांच्या कागदावर सही मिळाल्याशिवाय केंद्र सोडू नका. लघवीला जायचं असेल तर जोडीदाराला बसवून जा. हे शेवटचं सांगताना तो कानापर्यंत लाल झाला होता. रोसांदाचा त्याच्यावर विश्वास बसला तो त्या क्षणी. लबाड माणूस लाजत नाही, असं तिला वाटलं. त्या वर्षी तिचं लग्न झालं आणि नेथन तिच्या पाठीशी उभा राहिला.

मग तो गेला, दुसरे देश फिरून आला, डोक्यावरचे केस गेले, हुद्दा वाढला. आता तो वकिलातीत मोठा साहेब होता. रोसांदा मात्र तीच राहिली. शाळेत भूगोल शिकवायचा आणि निवडणूक आली की आपली वीस माणसं घेऊन केंद्राकेंद्रांवर बसायचं. तिच्या गटाचं नाव ‘उघडी पेटी’. गावातले टवाळ त्याला ‘रिकामी पेटी’ म्हणत, आणि शेजारणी तिला तोंडावर विचारत, “बाई, एवढं करून तुम्हाला डबक्यापलीकडचे देतात तरी काय?” देत काही नव्हते. पेनं, वह्या आणि वर्षातून एकदा हॉटेलातलं जेवण. पण रोसांदाचा विश्वास पेनांवर नव्हता. आठ वर्षांपूर्वी आधीच्या नगराध्यक्षाने एका केंद्रावर मेलेल्यांची मतं टाकली होती. रोसांदाने कागद दाखवले, वकिलातीतून एक फोन आला आणि दोन दिवसांत त्या केंद्राचं मतदान रद्द झालं. नगराध्यक्ष घरी बसला. तो नगराध्यक्ष पूर्वेकडच्या दुसऱ्या बड्या देशाच्या मर्जीतला होता. ही गोष्ट रोसांदाला माहीत होती, पण तिने ती त्या फोनशी कधी जोडून पाहिली नव्हती. भूगोलाच्या मास्तरणीला नकाशा कळू नये, म्हणजे कमाल आहे! पण ज्याच्यावर श्रद्धा असते त्याचा नकाशा कोण काढतं?

आता या रविवारी काय झालं ते ऐका.

ग्लावित्सात थंडी लवकर येते आणि सरपण सोन्याइतकं जपावं लागतं. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात नगरपालिकेचा लाकडांचा ट्रक एक्केचाळीस घरांपुढे थांबला. प्रत्येक घरी लाकडं उतरवली आणि प्रत्येक घराकडून एक ओळखपत्र नेलं. नोंद करायची आहे, म्हणून सांगितलं. ओळखपत्र नसलं की मत देता येत नाही, आणि ही एक्केचाळीस घरं नगराध्यक्ष टोमाशच्या विरोधातली होती. ओळखपत्रं वनखात्याच्या कचेरीत बिस्किटांच्या डब्यात कुलपाखाली राहिली आणि रविवारी मतदान संपल्यावर जिकडची तिकडे पोचली. टोमाश एकोणीस मतांनी जिंकला.

हे सगळं रोसांदाला कळलं ते ट्रक चालवणाऱ्याकडूनच. मिलिसाव त्याचं नाव. अठ्ठावन्न वर्षांचा, स्वभावाने गरीब, त्याच्या तिन्ही मुलांना रोसांदाने नद्या आणि पर्वत शिकवले होते. सोमवारी शाळा सुटल्यावर तो पायरीशी टोपी काढून उभा राहिला.

“बाई, माझी स्ताना आत्या. चौऱ्याऐंशी वर्षांची. तिचंही कार्ड मीच नेलं. रविवारी सकाळपासून काळा रुमाल बांधून, काठी घेऊन दाराशी बसली होती. दर तासाला विचारायची, मिलिसाव, कार्ड आलं का रे? मी म्हणायचो, येतंय आत्या. रात्री आठला दिलं. तेव्हा म्हणाली, आता काय याची चटणी करू?”

“लिहून द्याल हे?”

तो बराच वेळ टोपी फिरवत राहिला. “देतो. पण माझं नाव कुणी मोठं पाठीशी उभं राहीपर्यंत बाहेर जाऊ देऊ नका. मला दीड वर्षाने पेन्शन आहे.”

“माझा कूम उभा राहील,” रोसांदा म्हणाली. “शब्द देते.”

कुमाचं नाव ऐकल्यावर मिलिसावने पुढे काही विचारलं नाही. त्याने जबाब लिहून सही केली. रोसांदाने त्या जबाबाचा फोटो काढून नेथनला पाठवला, नावासकट, सहीसकट. कुमापासून लपवायचं काय?

नेथन एक वाजता आला. काळी गाडी, ड्रायव्हर बाहेरच बसून राहिला. नेथनने दोघांच्या गालाला तीन-तीनदा गाल लावले, काचामाकवर साय ओतून घेतली, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि जारियाच्या मधमाश्यांची चौकशी केली. इथली भाषा तो उत्तम बोले, फक्त जरा इस्त्री केलेली. रोसांदाने कळ काढली. पाहुण्याचं पोट भरेपर्यंत कामाचं बोलू नये. पण पाहुणा हवापाण्यावरून मधमाश्यांवर आणि मधमाश्यांवरून हवापाण्यावर येत राहिला, तेव्हा जारियाच म्हणाला, “कुमा, ताकाला येऊन भांडं का लपवतोस?”

नेथनने चमचा ठेवला. “रोसांदा, तुझं काम अप्रतिम आहे. मी हे मनापासून बोलतोय.”

“उद्या दुपारी बारापर्यंत तक्रार द्यायची मुदत आहे,” रोसांदा म्हणाली. “निवडणूक मंडळात पाच जण. तिघं टोमाशचे. तुम्ही वकिलातीवाले नुसतं म्हणा की तुमचं इकडे लक्ष आहे. आठ वर्षांपूर्वी म्हणालात तसंच.”

“या वेळी परिस्थिती थोडी वेगळी आहे.”

“काय वेगळं आहे? तेव्हा मेलेल्यांनी मतं दिली, आता जित्यांनी दिली नाहीत. एवढंच वेगळं आहे.”

नेथन खिडकीतून डोंगराकडे पाहू लागला. त्या डोंगरावर डबक्यापलीकडच्यांचं रडार बसवायचं चाललं होतं, हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. तीन आठवड्यांनी संसदेत त्यावर मतदान होतं, आणि टोमाशच्या पक्षाचे चार सभासद ज्या बाजूला झुकतील ती बाजू जिंकणार होती.

“तीन आठवडे थांबता आलं तर,” नेथन म्हणाला.

“मुदत उद्याची आहे.”

“ठाऊक आहे मला. पुढच्या निवडणुका आहेतच ना. लोकशाही ही एका दिवसाची गोष्ट नसते, रोसांदा. ती हळूहळू रुजते.”

“हळूहळू?” रोसांदाचा आवाज चढला. “बावीस वर्षं मी वही घेऊन त्या केंद्रांवर बसतेय! तू शिकवलंस म्हणून बसतेय. पेटी रिकामी आहे का बघा, सही घ्या, जागा सोडू नका. तेव्हा कुठे सांगितलंस, की डोंगरावर रडार असेल तर जागा सोडा म्हणून?”

“तसं नाहीये ते.”

“मग कसंय? सांग ना. खोटं वाटत होतं तर शिकवलंस कशाला?”

“खोटं नव्हतं!” नेथन पहिल्यांदाच मोठ्याने बोलला, आणि त्याचे कान लाल झाले, बावीस वर्षांपूर्वी झाले होते तसेच. “माझा अजूनही त्यावर विश्वास आहे. पण मी एकटा म्हणजे माझा देश नाही. तिथे दहा टेबलं आहेत, प्रत्येक टेबलावर वेगळी फाइल आहे. माझ्या टेबलावर तू आहेस. पलीकडच्या टेबलावर रडार आहे. ते टेबल मोठं आहे.”

रोसांदाला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. तो ढोंगी असता तर सोपं झालं असतं. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, म्हणून त्याला दाराबाहेर काढता आलं असतं. पण हा माणूस खरं बोलत होता, आणि त्या खरेपणाचा तिला कवडीचा उपयोग नव्हता.

“आणि मी काहीच केलं नाही असं समजू नकोस,” नेथन समजुतीच्या सुरात म्हणाला. “काल संध्याकाळीच मी हा विषय मांडला. योग्य पातळीवर. मंत्र्यांच्या सचिवाशी स्वतः बोललो.”

“काय बोललास?”

“की आमच्याकडे विश्वसनीय माहिती आहे. तो नाही म्हणायला लागला, म्हणून मी त्याला पुरावा पाठवला.”

जारियाने हातातला ग्लास खाली ठेवला.

“कसला पुरावा?” रोसांदाने विचारलं. तिला उत्तर कळलं होतं, तरी तिने विचारलं.

“तू दिलेला जबाब. गोपनीय म्हणूनच पाठवलाय.”

मंत्र्यांचा सचिव म्हणजे टोमाशच्या बायकोचा मामेभाऊ. या देशात सगळी मिळून माणसं किती, आणि नात्यात नसलेली किती? हे नेथनला बावीस वर्षांत कळू नये! रोसांदाने कोट अडकवला आणि ती बाहेर पडली. मागे जारिया कुमाला म्हणाला ते तिने ऐकलं, “बस, कॉफी घेऊन जा.” घरी आलेल्याला कॉफीशिवाय पाठवायचं नाही, एवढं तरी या घरात शिल्लक होतं.

मिलिसाव अंगणात लाकडं फोडत होता. मंगळवारी दुपारी दोन वाजता नगरपालिकेचा ड्रायव्हर घरी लाकडं फोडतोय, यातच सगळं आलं.

“सकाळी सातला बोलावलं होतं,” तो कुऱ्हाड न थांबवता म्हणाला. “टोमाशने माझा जबाब मला वाचून दाखवला. चांगला वाचतो तो. मग ट्रकच्या किल्ल्या घेतल्या. म्हणाला, लाकडांचा हिशेब जुळत नाही, चोरी झाली आहे, तू उद्यापासून येऊ नकोस. पेन्शनचं विचारलं तर म्हणाला, चोराला कसलं पेन्शन?”

“मिलिसाव...”

“एकच सांगा बाई. तो कागद तुम्ही कुणाला दिलात?”

“कुमाला. दुसऱ्या कुणाला नाही.”

कुऱ्हाड थांबली. मिलिसावने तिच्याकडे पाहिलं. शिव्या द्यायला तिने त्याला मनातल्या मनात केव्हाच मोकळीक दिली होती. तो म्हणाला, “मग तुमची चूक नाही. कुमाला दिला म्हणजे विहिरीत टाकला, तिथून काही बाहेर येत नाही अशीच रीत. मीही दिला असता.”

त्याने तिच्या थोबाडीत दोन दिल्या असत्या तर तिने सोसल्या असत्या. हे सोसवेना. ती त्याच्या ओंडक्यावर बसली आणि रडली, रागाने रडली, नाक पुसायला रुमालही जवळ नव्हता.

“आता तक्रार नको करायला,” ती म्हणाली. “मी जाऊन टोमाशला भेटते. हात जोडते.”

“कशाला?” मिलिसावला खरोखरच कळलं नाही. “नाव तर उघडं झालंय. किल्ल्या गेल्या. आता लपवायला उरलंय काय? उद्या जाऊ या की. मी तिथे तोंडाने सांगतो. आत्याचंही सांगतो.”

बुधवारी अकराला दोघं निवडणूक मंडळापुढे उभे राहिले. मिलिसावने दाढी केली होती आणि धाकट्या मुलाचा कोट घातला होता. त्याने सगळं सांगितलं. कुठली घरं, किती लाकडं, डबा कुठल्या कपाटात, कुलूप कुणी लावलं. टोमाशच्या तिघांपैकी एकाने मध्येच विचारलं, “तू चोरी करताना सापडलास हे खरं ना?”

“चोरी मी केली, हे खरं,” मिलिसाव म्हणाला. “पण लाकडांची नाही. एक्केचाळीस मतांची. तीच कबूल करायला आलोय.”

विरोधी पक्षाच्या दोघांनी टेबलावर हात मारले. बावीस वर्षं ती या भिंतींमध्ये जे ऐकण्यासाठी येत होती, ते आज एका ट्रक ड्रायव्हरने सांगितलं होतं. पाच मिनिटं तिला वाटलं की चमत्कार होईल.

मग अध्यक्षांनी चष्मा लावला आणि फाइलमधून एक कागद काढला. सोमवारी सकाळी वकिलातीने काढलेलं अभिनंदनाचं पत्रक होतं ते. ‘ग्लावित्साच्या नागरिकांनी शांततेत आणि एकूण सुव्यवस्थित पद्धतीने मतदान केलं, याबद्दल नवनिर्वाचित नगराध्यक्षांचं आणि जनतेचं अभिनंदन.’ अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा अधिक सावकाश, रोसांदाकडे बघत.

“मास्तरीणबाई, तुम्हाला ज्यांनी शिकवलं त्यांनाच काही आढळलं नाही,” ते म्हणाले. “आता गुरूपेक्षा शिष्याला जास्त कळतं का?”

सोमवारी सकाळी! म्हणजे मिलिसाव पायरीशी येऊन उभा राहण्याच्या आधीच ते निघालं होतं. नेथनने काचामाक खाताना त्याचा शब्दही काढला नव्हता. तीन विरुद्ध दोन मतांनी तक्रार फेटाळली गेली आणि शिपायाने दोघांना फेटाळल्याची प्रत दिली, कारण प्रत द्यायचा नियम होता. तो नियमही नेथनच्याच लोकांनी लिहून घेतला होता.

बाहेर पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. मिलिसावने कोटाची बटणं सोडली आणि प्रत नीट घडी करून खिशात ठेवली. “पाच साहेबांनी माझं बोलणं लिहून घेतलं,” तो म्हणाला. “याआधी कुणी लिहून घेतलं नव्हतं.” त्याच्या आवाजात उपरोध नव्हता. रोसांदाला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नेथन होता.

“रोसांदा, मी आत्ताच ऐकलं. तुम्ही दोघं गेलात, सगळ्यांसमोर बोललात. मला तुमचा किती अभिमान वाटतो ते सांगता येत नाही.” त्याचा आवाज भरून आला होता. “पुढच्या महिन्यात राजधानीत परिषद आहे, नागरिकांच्या धैर्यावर. मिलिसावने तिथे बोलायला हवं. जाण्यायेण्याचं, राहण्याचं सगळं आम्ही बघू.”

रोसांदाने फोनवर हात ठेवला. फोन समोरच्या भिंतीवर आपटावा, असं तिच्या मनात आलं. पण मिलिसाव विचारत होता, “कोण? कूम?”

“हो. तुम्हाला परिषदेला बोलावतायत. राजधानीत.”

“कसली परिषद?”

“लोकशाहीची.”

मिलिसावने विचार केला. “वकिलातीकडे मोटारी बऱ्याच आहेत ना? त्यांना विचारा, ड्रायव्हर हवाय का. दीड वर्ष काढायचंय फक्त.”

तो थट्टा करत नव्हता. रोसांदाने फोनवरचा हात काढला आणि जसंच्या तसं विचारलं. नेथन मोकळेपणी हसला.

“बघ, एवढं होऊनही त्याची विनोदबुद्धी शाबूत आहे,” तो म्हणाला. “परिषदेत असंच बोलायला सांग त्याला. लोकांना फार आवडेल.”

रोसांदाने फोन बंद केला.

“काय म्हणाले?” मिलिसावने विचारलं. त्याने टोपी दोन्ही हातांत धरली होती.

“विचारून सांगतो म्हणाले,” रोसांदा म्हणाली.

बावीस वर्षांत तिने या गावात कुणाला असं खोटं सांगितलं नव्हतं. आणि ते इतकं सहज, इतक्या गोड आवाजात निघालं, की तिचा तिलाच धक्का बसला.

“बरं,” मिलिसाव म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. “त्यांना माझ्या घरचा नंबर द्या. आता मी घरीच असतो.”